दोन पंख्यांचा सीपीयू कूलर, बोर्डावर सीपीयू फॅनचं हेडर एकच: जोडणी नेमकी कशी करावी?

वेताळटेकडी

मंडळी, जोडणी करण्याआधी खात्री करून घ्यायची आहे, म्हणून धागा काढतोय.

प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स. याच्या खोक्यात कंपनीचा कूलर येतच नाही, म्हणून थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई घेतला. दोन टॉवर, १२० मिमीचे दोन पंखे. पंख्याच्या मधल्या स्टिकरवर १२ व्होल्ट, ०.२० अँपिअर लिहिलंय. बोर्ड बी५५० चिपसेटचा, मायक्रो एटीएक्स. त्यावर पंख्यांची चार हेडरं (प्लग बसवायच्या पिनांच्या जागा) आहेत: सीपीयू फॅन १, पंप फॅन १, सिस फॅन १ आणि सिस फॅन २. चारही चार पिनांची.

प्रश्न असे:

१. कूलरचे दोन्ही पंखे वाय केबलने (एका हेडरचे दोन फाटे करणारी केबल) सीपीयू फॅनवर लावायचे, की एक तिथे आणि दुसरा पंप फॅन किंवा सिस फॅनवर?

२. खोक्यात आलेल्या वाय केबलच्या एका टोकाला चारही भोकांत धातू दिसतो, दुसऱ्या टोकाला तीनच भोकांत. एक भोक रिकामं आहे. पीस खराब आलाय का?

३. कॅबिनेटचा मागचा पंखा तीन पिनांचा आहे. तो चार पिनांच्या हेडरवर चालेल का?

निशिगंधा

तिसऱ्याचं उत्तर: चालतो. प्लगची खाच हेडरच्या प्लास्टिकच्या जिभेवर बरोबर बसते आणि चौथी पिन बाहेर मोकळी राहते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरचा मोड डीसी करायला मात्र विसरू नका, नाहीतर पंखा दिवसभर फुल स्पीडला घोंगावत बसेल.

कॅलिपर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ही केबल खराब समजून परत करणारे बरेच असतात. तुमचा पीस उत्तम आहे. ते भोक मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं.

चार पिनांचा क्रम बघा. हेडरवरची प्लास्टिकची जीभ पहिल्या तीन पिनांच्या मागे उभी असते, चौथी पिन तिच्या बाहेर पडते. त्यावरून मोजायचं.

पहिली पिन: ग्राउंड.
दुसरी: १२ व्होल्ट.
तिसरी: टॅको, म्हणजे पंखा किती वेगाने फिरतोय हे बोर्डाला सांगणारी.
चौथी: पीडब्ल्यूएम, म्हणजे किती वेगाने फिर हे बोर्डाने पंख्याला सांगायची.

टॅकोच्या वायरवर पंखा एका फेरीला दोन पल्स देतो. १५०० आरपीएमला सेकंदाला २५ फेऱ्या, म्हणजे ५० पल्स. बोर्ड हे पल्स मोजून दोनने भागतो. आता दोन पंख्यांच्या टॅको वायरी एकत्र बांधल्या तर दोघांचे पल्स एकमेकांत घुसतात आणि आकडा काहीच्या काही येतो: कधी २८००, कधी ९००, कधी शून्य. म्हणून वाय केबलच्या एका टोकाची तिसरी पिन काढून टाकलेली असते. वेग एकाच पंख्याचा कळतो. हुकूम मात्र दोघांना एकच जातो, कारण ग्राउंड, १२ व्होल्ट आणि पीडब्ल्यूएम दोन्ही टोकांना पूर्ण आहेत.

रिकामं भोक जिभेच्या बाजूने मोजून तिसरं आहे ना, तेवढं बघून घ्या. तिसरं असेल तर निश्चिंत राहा.

रंगांच्या बाबतीत एक इशारा. जुन्या तीन पिनांच्या पंख्यात काळी ग्राउंड, लाल १२ व्होल्ट, पिवळी टॅको. चार पिनांच्या रंगीत वायरींत काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी टॅको, निळी पीडब्ल्यूएम. म्हणजे पिवळी वायर एकात टॅको आणि दुसऱ्यात चक्क १२ व्होल्ट! वायरी कापून जोडणाऱ्यांची गफलत इथेच होते. हल्ली तर बहुतेक पंख्यांच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात. तेव्हा रंग विसरा, जागा मोजा.

पंचवटीकर

पहिल्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: वाय केबल, दोन्ही पंखे सीपीयू फॅनवर.

हिशेब सोपा. बोर्डाच्या साध्या हेडरची मर्यादा बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये हेडरच्या चित्राशेजारी असतो, तो आधी वाचा. तुमचे दोन पंखे मिळून ०.४० अँपिअर. पंखा थांबल्यापासून सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, तरीही भरपूर वाव राहतो. माझा ठोकताळा असा की स्टिकरवरच्या आकड्यांची बेरीज हेडरच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांवर नेऊ नये.

दुसरा मुद्दा तापमानाचा. सिस फॅन हेडर बऱ्याच बोर्डांवर मुळात बोर्डाचं तापमान बघून चालतं. प्रोसेसर ८५ अंशांवर गेला तरी बोर्ड ४० वरच असतो. मग कूलरचा एक पंखा धावतोय आणि दुसरा डुलक्या काढतोय असं चित्र दिसतं.

तांब्याची तार

@पंचवटीकर, इथे मी सहमत नाही. वाय केबलवर दुसऱ्या पंख्याचा वेग कळत नाही. उद्या त्याचं बेअरिंग जाम झालं तर बोर्डाला पत्ताच लागणार नाही. कॅबिनेट टेबलाखाली असेल तर माणसालाही महिनोन्‌महिने कळत नाही. स्वतंत्र हेडरवर लावला तर दोन्ही वेग वेगळे दिसतात, कर्व्ह (किती तापमानाला पंख्याचा किती वेग, तो तक्ता) वेगळी ठेवता येते आणि एक हेडर गेलं तरी दुसरा पंखा चालू राहतो.

तापमानाच्या मुद्द्यावर तोडगा आहे. तुलनेने नव्या बोर्डांच्या बायोसमध्ये प्रत्येक हेडरसाठी तापमान कुठून घ्यायचं ते निवडता येतं. तिथे सीपीयू निवडा, झालं काम.

पंचवटीकर

@तांब्याची तार, निवडता येत असेल तर तुमचं म्हणणं रास्त आहे. पण मग दुसरा पंखा पंप फॅनवर लावताना आणखी एक सेटिंग बदलावं लागतं. पंप हेडर वॉटर कूलिंगच्या पंपासाठी असतं आणि मुळात १०० टक्क्यांवर ठेवलेलं असतं, कारण पंपाचा वेग कमी करायचा नसतो. त्याचा मोड पीडब्ल्यूएम करून तीच कर्व्ह पुन्हा भरायची. बायोस अपडेट झालं की ही सगळी सेटिंग्ज बहुतेक वेळा पुसली जातात आणि पंखा पुन्हा पूर्ण वेगाने ओरडायला लागतो. एकाच हेडरवर असेल तर एकच कर्व्ह भरायची.

तुम्ही सांगितलेला जाम बेअरिंगचा धोका मात्र खरा आहे, त्याला वाय केबलकडे उत्तर नाही.

कॅलिपर

दोघांच्या मधला मार्ग: आसूसच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू फॅनशेजारी सीपीयू ऑप्ट नावाचं हेडर असतं. ते सीपीयू फॅनचीच कर्व्ह पाळतं, वेग मात्र स्वतंत्र दाखवतं, आणि रिकामं राहिलं तरी सुरू होताना एरर येत नाही. दोन पंख्यांच्या कूलरसाठी याहून चांगली सोय नाही. धागाकर्त्याच्या बोर्डावर ते दिसत नाही, पण दुसरं कोणी वाचत असेल तर आधी ते शोधा.

धागाकर्त्यासाठी माझं मतही वाय केबलच. चार तारा असलेलं टोक मधल्या पंख्याला लावा. पुढचा पंखा काचेतून डोळ्यांना दिसतो, मधला दोन टॉवरांच्या आड असतो. जो दिसत नाही त्याचा वेग आकड्यात दिसू दे.

निशिगंधा

हे शेवटचं वाक्य आवडलं. +१

मडगावकर

थोडं अवांतर. माझ्या पंख्यांना दोन वायरी आहेत, एक चार पिनांची आणि दुसरी तीन पिनांची दिसणारी पण मध्ये एक जागा रिकामी असलेली. ही दुसरी सिस फॅनवर लावायची का?

तांब्याची तार

@मडगावकर, थांबा, लावू नका! ती दिव्यांची वायर आहे, एआरजीबी, ५ व्होल्टची. तिचा क्रम ५ व्होल्ट, डेटा, रिकामी जागा, ग्राउंड. ती बोर्डाच्या तीन पिनांच्या एआरजीबी हेडरवर जाते. त्याच्या आसपास बहुधा १२ व्होल्टचं चार पिनांचं जुन्या आरजीबीचं हेडरही असतं: १२ व्होल्ट, हिरवा, लाल, निळा. पाच व्होल्टची पट्टी त्यावर बसवली की एलईडी तिथल्या तिथे जळतात. पंखा फिरत राहतो, दिवे कायमचे जातात.

पंख्याच्या हेडरला जीभ असते, दिव्यांच्या हेडरला नसते. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी पुरे. आणि बोर्डावर छापलेली अक्षरं मोबाइलच्या टॉर्चने वाचायची, अंदाजाने खुपसायचं नाही.

मडगावकर

वेळेवर सांगितलंत. बोर्डावर तीन पिनांचं, एक जागा रिकामी असलेलं हेडर सापडलं. देव बरें करूं.

नागपूरकर

जोडणी झाली की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं कर्व्हमध्ये आहे. आणि कर्व्ह पुण्याची नागपूरला चालत नाही.

कूलर कितीही भारी असला तरी खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात दुपारी खोली ३८-४० अंश असते. डिसेंबरात ज्या कामाला प्रोसेसर ६० वर असतो, त्याच कामाला मेमध्ये तो ७५ च्या पुढे असतो. कर्व्हचा पहिला बिंदू ४० अंशांवर ठेवला तर उन्हाळ्यात पंखा कधी शांत बसतच नाही.

५८००एक्सची कमाल तापमान मर्यादा ९० अंश. कागदावर तो १०५ वॅटचा असला तरी सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत खेचतो. त्यावर ही कर्व्ह धरा:

५० अंशांपर्यंत ३० टक्के
६५ ला ४५ टक्के
७५ ला ७० टक्के
८५ ला १०० टक्के

विदर्भ-मराठवाड्यात पहिला बिंदू एप्रिल ते जून ५८-६० वर सरकवा. बाकी तशीच राहू दे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात १०-१५ अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं. पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावला की घूं... शांत... घूं... शांत असं दिवसभर चालतं. लोकांना वाटतं पंखा बिघडला. बायोसमध्ये स्टेप अप आणि स्टेप डाऊन टाइम नावाची सेटिंग असते, ती जितकी जास्त मिळेल तितकी ठेवा. गिगाबाइटच्या स्मार्ट फॅनमध्ये त्याजागी टेम्परेचर इंटरव्हल असतो, तो ३ करा. हीटसिंकचा धातू तापायला वेळ लागतो, पंखा दोन-चार सेकंद उशिरा धावला म्हणून काही बिघडत नाही.

पेंग्विनप्रेमी

बायोसमध्ये ही सेटिंग तोकडी असेल तर ऑपरेटिंग सिस्टिममधून करता येतं. विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाकून सेन्सर्स-डिटेक्ट चालवा. बोर्डावरच्या सुपर आय/ओ चिपप्रमाणे (पंखे आणि सेन्सर सांभाळणारी चिप) ड्रायव्हर लागतो: नुवोटॉनची चिप असेल तर बहुधा एनसीटी६७७५, आयटीईची असेल तर आयटी८७. मग पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवा. तो एकेक हेडर थांबवून कोणता पंखा कुठे लावलाय ते शोधून काढतो. ते चालू असताना जड काम चालवू नका, कारण काही सेकंद सीपीयूचा पंखा खरोखरच थांबतो.

मात्र बायोसमध्ये सुरक्षित कर्व्ह भरूनच ठेवा. सिस्टिम सुरू होताना किंवा अडकली तर त्या वेळी बायोसची कर्व्हच राखण करते.

अण्णासाहेब ४०

कार्यालयातून निघालेला ब्रँडेड छोटा डेस्कटॉप घेतला आहे. त्याच्या सीपीयू पंख्याला पाच वायरी आहेत. बाजारातला चार पिनांचा पंखा बसेल का? लॅमिंग्टन रोडवर विचारलं तर एक म्हणतो बसेल, दुसरा म्हणतो नाही.

कॅलिपर

@अण्णासाहेब, दोघंही अर्धवट बरोबर आहेत. ब्रँडेड मशीनमध्ये प्लगचा आकार आणि पिनांचा क्रम कंपनीच्या मनाप्रमाणे असतो. काही ठिकाणी पाचवी वायर कोणता कूलर लावलाय हे बोर्डाला ओळखू यावं म्हणून असते. ती मोकळी राहिली तर मशीन सुरू होताना पंख्याची एरर दाखवतं किंवा पंखा पूर्ण वेगाने चालवतं. प्लग बसतोय म्हणून तसाच घुसवला आणि १२ व्होल्टची जागा वेगळी निघाली, तर बोर्ड जाऊ शकतो.

तुमच्या मॉडेलच्या नावाने चार पिनांचं रूपांतर करणारी तयार केबल मिळते का बघा. नसेल तर मल्टिमीटर घ्या. जुना पंखा जोडलेलाच ठेवून, काळी सुई कॅबिनेटच्या उघड्या धातूला आणि लाल सुई प्लगच्या मागून एकेका वायरीच्या बारीक फटीत लावून मोजा. शून्य दाखवेल ती ग्राउंड, सतत १२ दाखवेल तो पुरवठा. पंखा जोडलेला ठेवायचं कारण असं की पीडब्ल्यूएमच्या वायरीला वर ओढणारा व्होल्टेज पंख्याच्या आतून येतो. मोकळ्या हेडरवर ती पिन शून्य दाखवू शकते आणि माणूस तिला ग्राउंड समजून बसतो.

अण्णासाहेब ४०

आभारी आहे. आधी केबल शोधतो, नाही मिळाली तर मीटर.

निशिगंधा

मी वर डीसी मोड म्हटलं त्याचं कारण कोणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

डीसी मोडमध्ये बोर्ड दुसऱ्या पिनेवरचा व्होल्टेजच कमी-जास्त करतो. पीडब्ल्यूएम मोडमध्ये दुसरी पिन कायम १२ व्होल्टवर राहते आणि वेगाचा हुकूम चौथ्या पिनेवरून जातो. तीन पिनांच्या पंख्याला चौथी पिनच नाही, म्हणजे हुकूम पोचत नाही, पण १२ व्होल्ट मात्र पूर्ण मिळतात. म्हणून तो फुल स्पीडला.

उलट प्रकार, म्हणजे चार पिनांचा पंखा डीसी मोडवर, चालतो पण नीट नाही. व्होल्टेज खूप खाली नेला की मोटर अडखळते किंवा सुरूच होत नाही, आणि टॅकोचा आकडाही डळमळतो. कूलरच्या चार पिनांच्या पंख्यांसाठी पीडब्ल्यूएमच ठेवा. ऑटो मोड बहुतेक वेळा बरोबर ओळखतो, पण एकदा डोळ्यांनी खात्री करा.

एक पथ्य: एकाच वाय केबलवर तीन पिनांचा आणि चार पिनांचा पंखा कधी एकत्र लावू नये. कोणताही मोड निवडला तरी एकाचे हाल होतात.

तांब्याची तार

यात भर. चौथ्या पिनेवरचा सिग्नल २५ किलोहर्ट्झचा असतो. इंटेलच्या २००५ च्या स्पेसिफिकेशनमध्ये २१ ते २८ किलोहर्ट्झ ही हद्द दिलेली आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, म्हणून गुणगुण कानावर येत नाही. आणि ही वायर तुटली किंवा मोकळी राहिली तर पंखा थांबत नाही, उलट पूर्ण वेगाने धावतो. मुद्दाम तसं ठरवलेलं आहे, बिघाड झाला तर प्रोसेसर जळण्यापेक्षा आवाज झालेला बरा.

मावळातला

माझ्याकडे कॅबिनेटचे सहा पंखे आहेत. तेही वाय केबलला वाय केबल जोडून एका सिस फॅनवर लावावेत काय?

पंचवटीकर

@मावळातला, नको. बेरीज मर्यादेत बसली तरी साखळीत जोड वाढतात आणि प्रत्येक जोड हा सैल होण्याची जागा. साटा पॉवरवर चालणारा पीडब्ल्यूएम हब घ्या. करंट थेट पॉवर सप्लायमधून येतो, बोर्डाच्या हेडरवर फक्त सिग्नल आणि एका पंख्याची टॅको जाते. साटा प्लगच्या १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे ४.५ अँपिअर मिळतात. सहा साध्या पंख्यांना भरपूर झालं. हबवर एक क्रमांकाची जागा टॅको देणारी असते, ती रिकामी ठेवलीत तर बोर्डाला शून्य दिसेल.

सर्व्हरमधून काढलेले ३८ मिमी जाडीचे पंखे स्वस्तात मिळतात म्हणून कोणी घेत असेल तर आधी स्टिकर वाचा. त्यातले कित्येक एकटेच १ अँपिअरच्या वर खातात. असला पंखा बोर्डाच्या हेडरवर लावायचाच नाही.

मावळातला

हे एकच उत्तर हवं होतं. वाचनखूण साठवली.

वेताळटेकडी

सगळ्यांच्या सूचनांप्रमाणे जोडलं. वाय केबल सीपीयू फॅन १ वर, चार तारांचं टोक मधल्या पंख्याला. मागचा तीन पिनांचा पंखा सिस फॅन १ वर, डीसी मोड. तो व्यवस्थित कमी-जास्त होतोय.

कूलरची मात्र अडचण आहे. दोन्ही पंखे फिरतात, बायोसमध्ये मधल्या पंख्याचा वेग दिसतो, पण तो कायम १५३० च्या आसपास. मोड पीडब्ल्यूएम आहे, नागपूरकरांची कर्व्ह भरली आहे, तापमान ४६. म्हणजे ३० टक्क्यांवर असायला हवा. आवाजावरून दोन्ही पंखे पूर्ण वेगात वाटतात. बोर्ड बिघडला का?

कॅलिपर

तुम्ही दिलेल्या माहितीतच बरंचसं उत्तर आहे. फिरतायत, म्हणजे पहिली आणि दुसरी पिन ठीक. वेग दिसतोय, म्हणजे तिसरी ठीक. फक्त हुकूम पोचत नाही, म्हणजे चौथी कुठेतरी तुटली आहे. आणि *दोन्ही* पंखे पूर्ण वेगात आहेत, म्हणजे तुटलेली जागा फाटा फुटण्याच्या आधी आहे: बोर्डाचं हेडर, किंवा वाय केबलचं बोर्डाकडचं टोक.

क्रमाने तपासा.

१. मशीन बंद करा, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, कॅबिनेटचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेला चार्ज काढा.

२. वाय केबल काढून मधला पंखा सरळ सीपीयू फॅनवर लावा. वेग कमी झाला तर बोर्ड निर्दोष, दोष केबलचा. या चाचणीत दुसरा पंखा काही मिनिटं बंद राहील. बायोसच्या पडद्यावर तेवढ्याने काही होत नाही.

३. केबलचा दोष निघाला तर बोर्डाकडचा प्लग उजेडात धरा आणि चारही भोकांत समोरून बघा. धातूचे चारही तुकडे एका पातळीत दिसायला हवेत. चौथा आत सरकलेला दिसेल असा माझा अंदाज आहे. त्या तुकड्याला मागे एक बारीक काटा असतो, तो प्लास्टिकच्या खिडकीत अडकून बसतो. कारखान्यात तो नीट अडकला नाही तर प्लग दाबताना पिन त्यालाच मागे ढकलते. बाहेरून प्लग पूर्ण बसलेला दिसतो, आत स्पर्श नसतो.

४. तसं असेल तर वायर मागून बारीक चिमट्याने धरून सरळ पुढे ढकला, टक् असा आवाज येईपर्यंत. मग वायर हलकेच मागे ओढून बघा, परत यायला नको. काटा चपटा झाला असेल तर ब्लेडच्या टोकाने किंचित उचलून मग ढकला.

पंचवटीकर

आणि एक बघा, प्लग हेडरवर तिरका किंवा एक पिन सोडून तर बसलेला नाही ना? ५८००एक्सवाल्या कॅबिनेटमध्ये एवढा मोठा कूलर बसल्यावर त्या कोपऱ्यात बोटं जात नाहीत आणि प्लग अर्धाच बसतो. पुढच्या वेळी पंखा चढवायच्या आधी केबल हेडरवर लावून ठेवायची.

नागपूरकर

तोवर मशीन वापरायचं असेल तर त्या हेडरचा मोड तात्पुरता डीसी करा. १२ व्होल्टच कमी होतील, दोन्ही पंखे हळू होतील. कायमचा उपाय नाही, पण आवाज सहन करावा लागणार नाही. शिवाय डीसीवर वेग बदलला तर पंखे ठीक असल्याचीही खात्री होते.

वेताळटेकडी

कॅलिपर, अगदी तसंच निघालं. पंखा सरळ लावल्यावर लगेच वेग उतरला. केबलचा चौथा तुकडा बाकी तिघांपेक्षा साधारण दोन मिलिमीटर आत होता, मोबाइलने मोठा फोटो काढल्यावर स्पष्ट दिसला. मागून ढकलल्यावर टक् झालं. आता ३० टक्क्यांवर ५६० च्या आसपास, ७० टक्क्यांवर ११२०, पूर्ण वेगात १५४०. स्टेप अप टाइम वाढवल्यावर ते घूं-घूं पण थांबलं.

एक राहिलं. पुढचा पंखा रॅमला अडतो. क्लिप वर सरकवून साधारण एक सेंटिमीटर उंच बसवलाय. काच लागते आहे, पण चेपत नाही. चालेल?

तांब्याची तार

या कूलरची उंची १५५ मिमी. पंखा १० मिमी वर गेला तर बोर्डापासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत तेवढी जागा जास्त लागते. काच टेकत असेल तर पंख्याचं कंपन काचेत उतरतं आणि मंद घुमणारा आवाज येतो, तो तुम्हाला रात्री ऐकू येईल. त्यापेक्षा पुढचा पंखा काढून मागच्या टॉवरच्या पाठीमागे लावा, हवा बाहेर ओढणारा. मधला आहे तसाच. तापमानात किरकोळ फरक पडेल, तो खपेल.

दिशा चुकवू नका: पंख्याच्या चौकटीची ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि मधलं स्टिकर दिसतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. तुमच्या मांडणीत दोन्ही पंख्यांची ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे हवी.

कॅलिपर

जागा बदलताना वाय केबलचं मोकळं टोक मागे येईल. मागच्या पंख्याजवळ ते लोंबकळत राहिलं तर पात्यात जातं. पट्टीने कूलरच्या कडेच्या क्लिपला बांधा, हीटसिंकच्या पत्र्यांना नको. धार असते, वायरीचं आवरण कालांतराने कापलं जातं.

वेताळटेकडी

लावला मागे, पट्ट्या जाळीकडे, केबल क्लिपला बांधली. काच मोकळी बसली. अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवून ८१ अंश, खोली २९ अंश.